आखूड पास

सन २००१च्या सप्टेंबरात फुटबॉल क्लबच्या कोच फ्रेडरिक सरांनी फर्डिनंडला सरावानंतर थांबवून घेतलं आणि विचारलं, तुझ्या घरी एक माणूस राहू शकेल का? फर्डिनंड तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. वसईच्या पाचूबंदरचा. मुंबईच्या त्या क्लबात तो नऊ वर्षं मधल्या फळीत खेळत होता आणि क्लबातलं त्याचं स्थान त्याला स्वतःच्या घराच्या उंबऱ्याइतकं पक्कं वाटत होतं. क्लबने एक परदेशी खेळाडू घेतला होता, अल्बेनियाचा. मुंबईतल्या सोसायट्या एकट्या परदेशी पुरुषाला खोली द्यायला तयार नव्हत्या. फर्डिनंडच्या घराचा वरचा मजला रिकामा असतो हे सरांना माहीत होतं.

फर्डिनंडने हो म्हटलं आणि मग सहज विचारलं, खेळतो कुठे?

"मधे," सर म्हणाले, आणि टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

इलिर आला तो एका बॅगेनिशी. अठ्ठावीस वर्षांचा, उंच, कपाळावरचे केस मागे सरकायला लागलेले. अल्बेनिया कुठे आहे हे पाचूबंदरात कुणालाच माहीत नव्हतं. फर्डिनंडची बायको क्रिस्टिना प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने शाळेचा नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. फर्डिनंडचे वडील सॅन्टन, आयुष्य मासेमारीत गेलेले, त्यांनी एकच प्रश्न विचारला, तिथे दर्या हाय का? इलिरने नकाशावर दुर्रेस नावाच्या बंदरावर बोट ठेवलं आणि सांगितलं की त्याचा बाप गोदीत होता आणि बापाला त्याच्या भाषेतही 'बाबा'च म्हणतात. त्या दिवसापासून तो सॅन्टनना बाबा म्हणायला लागला. सॅन्टनना ते इतकं आवडलं की ते संध्याकाळी त्याला हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेले आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून फिरवून सगळ्यांना दाखवून आले.

त्याची भाषा म्हणजे कडबोळं होतं. थोडं इंग्रजी, थोडं ग्रीक, आणि लहानपणी चोरून इटलीचा टीव्ही बघून शिकलेलं बरंचसं इटालियन. घरातल्यांना महिनाभरात ते कळायला लागलं, बाहेरच्यांना मात्र कळत नसे. आणि त्याची मान उलटी हलायची. त्यांच्याकडे नाही म्हणायला मान खाली-वर करतात आणि हो म्हणायला डावी-उजवीकडे. क्रिस्टिना भात वाढायला आली की तो मान डावी-उजवीकडे हलवायचा, ती भांडं घेऊन परत जायची आणि तो बिचारा रिकाम्या ताटाकडे बघत बसायचा. पुढे पुढे यावरून घरात खूप हसणं व्हायचं.

जेवताना तो त्याच्या खेळाचं सांगायचा. सतराव्या वर्षी गावच्या मोठ्या संघात आला. त्याच सुमाराला तिथली जुनी राजवट कोसळली. संघ बाहेरदेशी सामन्याला गेला की दोन-चार खेळाडू परतायचेच नाहीत. हा आईसाठी परतायचा. तेविसाव्या वर्षी देशाच्या संघात बोलावणं आलं. एका सामन्याला तो बाकावर बसला, दोनदा उठून कडेने धावून अंग गरम केलं, पण आत जायची वेळ काही आली नाही. देशाच्या संघाचा तो शर्ट त्याच्या बॅगेत होता, घडी न मोडलेला. नंतर ग्रीसमधल्या एका लहान गावाच्या संघात तीन वर्षं, मग सायप्रसमध्ये दोन, मग करार संपला आणि कुणा एजंटने भारताचं नाव काढलं. हे सगळं तो तक्रारीच्या सुरात सांगत नसे. एखाद्याने एस.टी.चे थांबे सांगावेत तसं सांगायचा. "अजून तीन-चार वर्षं पाय चालतील," तो म्हणायचा. "तेवढ्यात एकदा वरच्या लीगमध्ये खेळायचंय. बाकावर नाही, आत."

मैदानावर पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळून चुकलं. इलिर फार पळायचा नाही. पण बॉल त्याच्याकडे यायच्या आधीच त्याने मान वळवून पाहिलेलं असायचं, आणि बॉल आला की तो जिथे जायला हवा तिथे गेलेला असायचा. फ्रेडरिक सरांनी त्याला मधे उभं केलं आणि फर्डिनंडला उजव्या कडेला पाठवलं. "तू जुना माणूस, कडेनं सांभाळून घे," असं म्हणाले. फर्डिनंडने सांभाळून घेतलं. उगाच का खोटं बोला, पहिले दोन महिने त्याला इलिरबद्दल काही वाईट वाटलं नाही. त्याला तो आवडायचाच. दोघे बरोबर निघायचे, बरोबर परतायचे. क्रिस्टिना दोघांचे डबे एकाच पिशवीत घालायची.

मनात पहिला काटा रुतला तो डिसेंबरात. सॅन्टननी नऊ वर्षांत मुलाची एकही मॅच पाहिली नव्हती. कधी होडी बाहेर असायची, कधी गुडघे दुखायचे. इलिर त्यांना जवळजवळ उचलून मॅचला घेऊन गेला. घरी आल्यावर सॅन्टन बाजेवर बसले आणि फर्डिनंडला म्हणाले, "हा पोरगा बॉल देतो ना, तो मान्साच्या पायात नाय देत. मानूस जिथं जानार हाय तिथं देतो. तू का नाय तसा देत?"

म्हाताऱ्याच्या मनात काही नव्हतं. होडीवरच्या कामाबद्दल बोलावं तसं तो बोलला होता. पण ते वाक्य फर्डिनंडच्या मनातून हलेना. मग बारीकसारीक गोष्टी टोचायला लागल्या. क्रिस्टिना इलिरच्या बोलण्यावर हसली की टोचायचं. वसई स्टेशनवर कुणी ओळखून हात केला आणि तो हात इलिरसाठी निघाला की टोचायचं. सरावात इलिर "कोर्तो, कोर्तो" ओरडायचा, म्हणजे आखूड, जवळचा पास दे. तो शब्द आता सगळा संघ वापरत होता, आणि तेही टोचायचं. यातलं काहीही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर माणूस हसला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

मार्चमध्ये शेवटून दुसरी मॅच होती. गोव्याच्या एका मोठ्या क्लबाची दोन माणसं ती बघायला येणार असं कळलं. कुणासाठी येणार ते विचारायची गरज नव्हती. इलिर सकाळपासून बूट पुसत बसला होता. निघताना क्रिस्टिनाने त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि सॅन्टन म्हणाले, देव बरं करो. फर्डिनंडच्या कपाळावरही तिने काढला, पण नंतर.

साठाव्या मिनिटाला एक-एक अशी बरोबरी होती. फर्डिनंड उजव्या कडेला बॉल घेऊन होता. इलिर मधून त्याच्या दिशेने आला, पाठ समोरच्या गोलाकडे, हात थोडा पुढे करून, बॉल मागत. त्याच्या पाठीमागून विघ्नेश नावाचा समोरच्या संघाचा बॅक सुसाट निघाला होता. विघ्नेश एकवीस वर्षांचा, वसईचाच, एव्हरशाईन सिटीत राहणारा. त्याच्या चपळाईचं नुकतंच नाव व्हायला लागलं होतं. इलिरला तो दिसत नव्हता. फर्डिनंडला दिसत होता.

बॉल पटकन आणि जोरात दिला असता तर इलिरने एका स्पर्शात तो वळवला असता. फर्डिनंडने पाय मागे घेतला आणि बॉलला लागायच्या क्षणी पायातला जोर काढून घेतला. एवढंच. पाय मोडावा असं त्याच्या मनात आलं नव्हतं. हे तो नंतर वर्षानुवर्षं स्वतःला सांगत राहिला आणि ते खरंही होतं. त्याच्या मनात आलं होतं ते यापेक्षा हलकं. बॉल अर्ध्यात अडकेल, हा पोरगा तो उचलून नेईल आणि गोव्याच्या पाहुण्यांसमोर इलिरचं जरा हसं होईल.

बॉल आखूड गेला. इलिरला तो गाठायला पाय लांब टाकावा लागला. विघ्नेश बॉलवरच घसरत आला होता. आधी बॉलला लागला आणि मग त्या ताणलेल्या पायाला. आवाज कडेपर्यंत ऐकू आला.

रेफरीने विघ्नेशला लाल कार्ड दाखवलं. पोरगा कानशिलांवर हात धरून उभा होता.

नडगीचं हाड मोडलं होतं आणि गुडघ्यातली शीर तुटली होती. ऑपरेशन झालं. फर्डिनंड हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडला, आणि क्रिस्टिनाने त्याचं डोकं कुशीत घेतलं. तिसऱ्या दिवशी इलिरजवळ एकटा असताना त्याने धीर करून विचारलं, "तुला तो येताना दिसला नव्हता ना?" इलिरने मान डावी-उजवीकडे हलवली. ती त्याच्या देशाची होती की आता इथली, हे फर्डिनंडला कळेना, आणि पुन्हा विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

क्लबने करारातल्या कलमावर बोट ठेवून करार संपवला. एप्रिलअखेर हॉस्पिटलातून सुटी मिळाली, तरी विमानात बसण्यासारखी पायाची अवस्था नव्हती. दुर्रेसला त्याची आई वारली होती, बहीण ग्रीसमध्ये होती. तेव्हा क्रिस्टिना म्हणाली, घरी आणू या, आणि सॅन्टन म्हणाले, यात इचारायचं काय? त्याची खाट खालच्या खोलीत आणली. मे, जून, जुलै, ऑगस्ट असे चार महिने इलिर त्या घरात राहिला. सॅन्टन त्याला न्हाऊ घालायचे. बसल्या बसल्या जाळी विणायला शिकवायचे. दोघे मिळून फाटकी जाळी दुरुस्त करत बसलेले बघून शेजारपाजारचे लोक म्हणायचे, सॅन्टनला म्हातारपणी दुसरा मुलगा झाला.

हंगामाच्या शेवटच्या मॅचला फर्डिनंड पुन्हा मधे खेळला. चांगला खेळला. सामनावीर म्हणून त्याला प्रेशर कुकर मिळाला. क्रिस्टिनाला तो नेमका हवा होता. हाडं लवकर जुळावीत म्हणून ती इलिरला रोज बोकडाच्या पायांचं सूप द्यायची, ते आता त्या कुकरात व्हायला लागलं. कुकरची शिट्टी झाली की फर्डिनंड उठून अंगणात जायचा.

जूनच्या अखेरीस एका रविवारी विघ्नेश आला. तीन महिने त्याच्या वाट्याला काय काय आलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली होती. एका छोट्या पेपरात त्याचा फोटो 'परदेशी पाहुण्याचा पाय मोडणारा' म्हणून छापून आला होता. त्याच्या क्लबने त्याला सोडलं होतं. हातात सफरचंदांची पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला, आणि आत यायला त्याला तीनदा सांगावं लागलं. खाटेजवळ बसला तो रडायलाच लागला. मी बॉलवरच आलो होतो, एवढंच परत परत म्हणत होता.

इलिरने त्याचा हात धरला आणि त्याच्या कडबोळ्या भाषेत, सावकाश, बरंच काही बोलला. त्यात तो दोनदा म्हणाला, "पाल्ला कोर्ता." बोलताना त्याने एकदाही फर्डिनंडकडे पाहिलं नाही.

विघ्नेशने फर्डिनंडकडे पाहिलं. "काय म्हणतात ते?"

फर्डिनंड दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. इलिर म्हणाला होता, तुझा दोष नाही, तू बॉलवरच आलास, बॉलच आखूड आला. फर्डिनंडने सांगितलं, "तो म्हणतो, तुझा दोष नाही. खेळात असं होतं."

"आणि ते कोर्ता कोर्ता?"

"तेच. नशीब म्हणतात त्यांच्यात."

इलिर खिडकीतून बाहेर बघत होता. विघ्नेशने डोळे पुसले, चहा घेतला आणि गेला. पास देताना डोकं विचार करायच्या आधी पाय चालला, असं फर्डिनंड स्वतःला म्हणू शकत होता. पण हे शब्द त्याने शांतपणे, निवडून उच्चारले होते. त्या रात्री तो जेवणावरून लवकर उठला. इलिर नेहमीसारखा जेवला.

ऑगस्टच्या शेवटी इलिर काठी टेकत विमानात चढला. पुन्हा खेळणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. निघताना त्याने सॅन्टनना मिठी मारली, क्रिस्टिनाच्या हातावर ओठ टेकले आणि फर्डिनंडशी हस्तांदोलन केलं. देशाच्या संघाचा तो शर्ट त्याने सॅन्टनना दिला. म्हातारा तो चर्चला जाताना घालायचा.

फर्डिनंडने पुढच्याच वर्षी खेळणं सोडलं. गुडघे दुखतात असं सांगितलं. खरं म्हणजे मधे उभं राहिलं की त्याला बॉल सोडवेना. जिथे एका क्षणात द्यायचा तिथे तो दोन-तीन क्षण लावायला लागला होता. नाताळच्या आधी एकदा त्याने चर्चमध्ये पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, चुकीचा पास देणं हे काही पाप नव्हे, बाळा. फर्डिनंडने सांगायचा प्रयत्न केला की चुकीचा नाही, हा पास बरोबर तसाच द्यायचा होता. पण फादर कधी खेळलेले नव्हते, आणि मागे रांग होती. त्यांनी प्रार्थना सांगितल्या, त्याने त्या म्हटल्या, आणि बाहेर आल्यावर छातीवरचा दगड जिथल्या तिथे होता.

इलिर दर नाताळला फोन करायचा. तो गावी लहान पोरांना फुटबॉल शिकवत होता. २००५ साली सॅन्टन गेले, तेव्हा फोनवर तो इतका रडला की क्रिस्टिनाला त्याची समजूत घालावी लागली. तिने म्हाताऱ्याला तोच शर्ट घालून पुरलं. फर्डिनंडने खांदा दिला. वडिलांना आता कधीच सांगता येणार नाही हे दुःख होतंच, पण त्याखाली जी सुटल्याची भावना होती तिची त्याला अधिक लाज वाटली.

२००८च्या फेब्रुवारीत गावच्या क्रीडा मंडळाने फर्डिनंडचा सत्कार ठेवला. मंडळाचे अध्यक्ष व्हॅलेरियन, उत्साही गृहस्थ, घरी येऊन सांगून गेले. त्याने खूप आढेवेढे घेतले. तो विनय समजला गेला. मैदानावर मांडव, शाल, मानचिन्ह, समोर तीन-चारशे माणसं. पहिल्या रांगेत क्रिस्टिना. कडेला त्या दिवशीच्या सामन्यांचे रेफरी बसले होते, काळ्या शर्टातले. त्यांतला एक विघ्नेश होता. वडिलांनी त्याचं खेळणं बंद केलं होतं. शिट्टी वाजवायला मात्र त्यांची हरकत नव्हती. आठवडाभर तो तुळिंजच्या एका कुरिअरच्या ऑफिसात बसायचा आणि रविवारी रेफरी व्हायचा.

व्हॅलेरियन बोलायला उभे राहिले. फर्डिनंडचा खेळ त्यांनी पाच मिनिटांत आटोपला. "पण मित्रांनो," ते म्हणाले, "मला त्याच्या खेळाचं एवढं कौतुक नाही. एक परका माणूस, याच्याच जागेवर खेळायला आलेला माणूस, पाय मोडून पडतो. त्याचा क्लब त्याला विचारत नाही. आणि हा माणूस त्याला चार महिने घरी सांभाळतो. सख्खा भाऊ करणार नाही ते याने केलं."

टाळ्या पडल्या. शाल खांद्यावर आली. फर्डिनंडच्या हातात माईक दिला गेला. आभार मानून खाली बसायचं त्याने घरून ठरवून आणलं होतं. पण समोर विघ्नेश इतरांबरोबर टाळ्या वाजवताना दिसला. ते त्याला सोसवेना.

"त्याचा पाय माझ्यामुळे मोडला," तो म्हणाला. "मी पास मुद्दाम आखूड दिला. विघ्नेश येताना मला दिसत होता. विघ्नेशची त्यात काही चूक नव्हती."

मग व्हॅलेरियननी पुढे होऊन माईक घेतला, त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा," ते म्हणाले, "सहा वर्षं झाली, हा माणूस अजून स्वतःला दोष देतोय. याला म्हणतात मोठं मन." आणि आधीपेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. फर्डिनंडला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

दोन माणसं टाळ्या वाजवत नव्हती. एक क्रिस्टिना. दुसरा विघ्नेश.

मांडवामागे, जिथे पाण्याचे पिंप ठेवले होते, तिथे विघ्नेश त्याला गाठायला आला. आवाज अजिबात चढवला नाही त्याने.

"फर्डीभाई, कोर्ता म्हणजे काय?"

"आखूड."

विघ्नेशने गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मला माहीत होतं मी बॉलवर आलो होतो. तिथे टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सांगून उपयोग नाही. माझ्या घरी येऊन माझ्या बाबांना सांगा."

घरी दार उघडून आत गेल्यावर क्रिस्टिनाने विचारलं, "हॉस्पिटलच्या जिन्यात रडत होतास, ते?"

"ते खरं होतं."

"असेल," ती म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिचा राग पासपेक्षा त्या चार महिन्यांवर होता. म्हाताऱ्याने आणि तिने जिवापाड केलं, आणि नवऱ्याने त्यांचा तो जीव स्वतःवर पांघरूण म्हणून घेतला, असं ती एकदा म्हणाली.

त्या आठवड्यात त्याने दुर्रेसला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," इलिर म्हणाला. "आधी मी स्वतःला समजावत होतो, की पाय चुकला असेल. सगळ्यांचा चुकतो. पण त्या पोराला तू तो शब्द सांगितला नाहीस. तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला चालता येत नव्हतं. जाणार कुठे होतो?" मग तो म्हणाला, "आणि बाबा होते."

फर्डिनंडने माफी मागितली. इलिर म्हणाला की जिना उतरताना गुडघा दुखतो, तेव्हा तो अजूनही फर्डिनंडला शिव्या घालतो, नाव घेऊन. ते थांबेलसं वाटत नाही. मग त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फर्डिनंड एव्हरशाईन सिटीत गेला. तिसऱ्या मजल्यावरचं घर. विघ्नेशचे वडील आत्माराम सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले, देवगडकडचे, अत्यंत काटेकोर. आई मनोरमा. विघ्नेशने फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं की एक जण भेटायला येणार आहे. फर्डिनंड खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याने सुरुवातीपासून सांगितलं. म्हाताऱ्या बापाचं वाक्य, हंगामभर टोचलेलं, पास, आणि मग तो गाळलेला शब्द. आत्माराम खेळातले नव्हते, त्यांनी मधे मधे प्रश्न विचारले. म्हणजे माझ्या मुलाने पाय बॉलवर घातला होता? हो. म्हणजे तुम्हाला तो येताना दिसत होता? हो. एखाद्या चौकशीत विचारावेत तसे विचारत गेले. मग चष्मा काढून हातात धरून बसले.

"मी याला म्हटलं होतं," ते शेवटी म्हणाले, "की दुसऱ्याचा पाय मोडून भाकर मिळवणारा मुलगा मला नको. याचे बूट मी स्वतः कचऱ्यात टाकले. चार महिने याच्याशी बोललो नाही." ते फर्डिनंडला सांगत होते, पण बघत होते जमिनीकडे. "हा मला सांगत होता. रोज सांगत होता, की बाबा, मी बॉलवर गेलो होतो."

मनोरमाबाईंनी चहा आणून ठेवला. त्यांनी बिस्किटांची बशी फर्डिनंडच्या बाजूला सरकवली. आपल्याला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. चहा त्याने संपवला, कारण न संपवणं अजून वाईट दिसलं असतं. दाराशी बसून तो बुटांच्या नाड्या बांधत होता तेव्हा आतून आत्मारामांचा आवाज आला, अवघडलेला, सवय नसल्यासारखा.

"पुढच्या रविवारी कुठे आहे रे तुझी मॅच?"

"किल्ल्याजवळच्या मैदानावर. मी रेफरी आहे फक्त, बाबा."

"असू दे. मी येतो."

विघ्नेश फाटकापर्यंत खाली आला. आपलं वय आता सत्तावीस आहे, म्हणाला, आणि सहा वर्षं न खेळलेल्या बॅकला हे वय म्हातारं असतं. मग म्हणाला, "तुम्ही आलात ते बरं केलंत. पण मी माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत," फर्डिनंड म्हणाला. तो बस स्टॉपकडे चालायला लागला. मागे वळून बघावंसं वाटलं, पण त्याने पाहिलं नाही.

त्या वर्षी नाताळला फोन येईल की नाही याची त्याला धास्ती होती. आला, थोडा उशिरा, दुपारी. क्रिस्टिनाशी इलिर पाऊण तास बोलला. त्याला मुलगी झाली होती. मग क्रिस्टिनाने रिसीव्हर फर्डिनंडपुढे धरला.

"त्या पोराला सांगितलंस?" इलिरने विचारलं.

"सांगितलं. त्याच्या वडिलांनाही सांगितलं."

"बरं केलंस," इलिर म्हणाला. पलीकडे बाळ रडत होतं. इलिर म्हणाला, जातो, आणि फर्डिनंड म्हणाला, हो, जा.